एका दात्याचा फरक

गेल्या मे महिन्यातील गोष्ट आहे. पुण्यातील एक लग्न आटोपून आम्ही सांगलीकडे परतत होतो. दुपारी एकच्या सुमारास खंबाटकीच्या चढाला लागलो. पुढे सिमेंटने भरलेला एक ट्रक रांगत होता, गाडीतील वातानुकूलन चालू होते आणि बाहेर ऊन मी म्हणत होते. शेजारी बसलेली सौ. एकाएकी म्हणाली, ‘‘अहो, तो काटा बघा, लाल रेघेजवळ गेला आहे. थांबू या ना.’’ मी म्हणालो, ‘‘माथा दोन वळणांवर आला आहे. तिथे सावलीत थांबू.’’ दुसऱ्या वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली, गाडीची ओढ गेली आणि इंजिन स्वतःहूनच बंद पडले.

तंत्रनिकेतनात २९ वर्षे मी ‘अंतर्ज्वलन इंजिने’ हा विषय शिकवला. काटा लाल रेघेला लागला की पुढच्या वळणाचाही विचार करू नका, हे मी दरवर्षी एका तरी वर्गाला बजावून सांगत असे. शिकवणे आणि पाळणे यांत किती अंतर असते, हे मला निवृत्तीनंतर घाटात कळले.

आज आपल्यापैकी अनेकांच्या दारात चारचाकी उभी असते. तिच्या इंजिनाचे झाकण मात्र आपण सहसा उघडत नाही. मग एके दिवशी गॅरेजमधून निरोप येतो, ‘‘हेड उतरवावे लागेल, टायमिंग चेनही बदलावी लागेल,’’ आणि आकडा ऐकून आपण गांगरतो. हे काम मोठे आहे, खर्चाचे आहे आणि नीट न केल्यास पुन्हा करावे लागणारे आहे. म्हणून ते योग्य प्रकारे कसे करतात, हे मी माझ्याच गाडीच्या निमित्ताने सांगणार आहे.

इंजिनातील दोन शेजारी

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे सिलिंडर ब्लॉक. त्यात दट्टे, म्हणजे पिस्टन, वर-खाली होतात व क्रँकशाफ्ट फिरवतात. ब्लॉकवर घट्ट बसवलेला माथा म्हणजे सिलिंडर हेड. हवा आत घेणारे आणि जळालेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह या हेडमध्ये असतात. चार सिलिंडरच्या आधुनिक इंजिनात ते बहुधा १६ असतात. त्यांना योग्य क्षणी दाबून उघडण्याचे काम हेडवरच्या कॅमशाफ्टचे. दोहोंच्या मध्ये हेड गॅस्केट असते. एकीकडे ज्वलनाचा प्रचंड दाब, दुसरीकडे थंड करणारे पाणी, तिसरीकडे वंगणाचे तेल. या तिघांना एकमेकांत मिसळू न देण्याची जबाबदारी या पातळ पत्र्यासारख्या वस्तूवर असते.

खालचा क्रँकशाफ्ट आणि वरचा कॅमशाफ्ट यांना बांधून ठेवते ती टायमिंग चेन. हवा ओढणे, दाबणे, जळणे व बाहेर टाकणे या चार क्रिया पूर्ण होईपर्यंत क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो, कॅमशाफ्ट मात्र एकच. म्हणून कॅमच्या दातेरी चकतीला, म्हणजे स्प्रॉकेटला, क्रँकच्या स्प्रॉकेटच्या दुप्पट दाते असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. बहुतेक आधुनिक इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेचा वापर करतात, फक्त वेगवेगळ्या क्षणी. हा क्षण चुकला की दोघांची टक्कर होते आणि व्हॉल्व्ह वाकतात.

ज्या बुश-रोलर चेनपासून आजच्या चेन आल्या, ती हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये तयार केली. पुढे १९६२ मध्ये जर्मनीतील ग्लास कंपनीच्या मोटारीतून रबरी दातेरी पट्टा प्रथमच मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आला. तो शांत आणि स्वस्त, पण ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागणारा. गेल्या दोन-तीन दशकांत अनेक कंपन्या पुन्हा चेनकडे वळल्या. आपल्या रांजणगावच्या कारखान्यात पूर्वी तयार होत असलेले आणि कित्येक भारतीय मोटारींत बसलेले फियाटचे १२४८ घन सेंटिमीटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन चेनवरच चालते. मात्र ‘चेन आयुष्यभर टिकते’ या समजुतीने अनेकांना महागात पाडले आहे.

चेन ‘लांब’ कशी होते

चेन ताणली गेली, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. प्रत्येक कडीतील पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात. समजा, चेनला १२० कड्या आहेत व दोन पिनांमधील अंतर ८ मि.मी. आहे. चेनची लांबी झाली ९६० मि.मी. प्रत्येक सांध्यात केवळ ०.०२ मि.मी. झीज झाली, तरी एकूण लांबी सुमारे २.४ मि.मी.ने वाढते. एका सांध्यात डोळ्यांना न दिसणारी झीज १२० वेळा जमा होते.

ही ढिलाई काढण्यासाठी टेन्शनर असतो. बहुतेक गाड्यांत तो इंजिनच्याच तेलाच्या दाबावर चालतो. म्हणून चेनचे आयुष्य ठरवणारी मुख्य गोष्ट म्हणजे तेल. तेलबदल वर्षानुवर्षे लांबवला, पातळी खाली जाऊ दिली किंवा चुकीच्या प्रतीचे तेल घातले, तर टेन्शनरचा जोर कमी होतो आणि सांधेही लवकर झिजतात.

याची पहिली सूचना बहुधा सकाळी मिळते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखडाट ऐकू येतो आणि तेलाचा दाब भरला की थांबतो. माझ्या गाडीत हा आवाज सहा महिने येत होता. गाडीने सव्वा लाख किलोमीटर ओलांडले होते. ‘जुनी झाली आता’ असे म्हणून मी कानाआड केले. पुढची पायरी म्हणजे इंजिनचा इशारादिवा लागणे. क्रँक आणि कॅम यांचा मेळ बिघडल्याचे संगणकाला कळते व तो ‘पी-००१६’सारखा संकेत नोंदवतो. चेन एक दाता ओलांडून बसली तर काय होते, याचा हिशेब सोपा आहे. कॅमला ४० दाते असतील, तर एक दाता म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. एवढ्या फरकावर काही इंजिने कशीबशी चालतात, काही तिथेच मोडतात.

हेड का वाकते

आजचे सिलिंडर हेड प्रायः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. ब्लॉक मात्र अनेक इंजिनांत बिडाचा असतो. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ४०० मि.मी. लांबीचे हेड ८० अंशांनी तापले, तर ते सुमारे ०.७४ मि.मी. वाढू पाहते आणि तेवढाच लांब बिडाचा ब्लॉक सुमारे ०.३५ मि.मी. नेहमीच्या तापमानात हा फरक गॅस्केट सांभाळून घेते. पाणी संपलेले इंजिन बेसुमार तापते, तेव्हा हेडला वाढायचे असते आणि बोल्ट त्याला धरून ठेवतात. त्या ओढाताणीत हेड वाकते, गॅस्केट निकामी होते आणि कधी दोन व्हॉल्व्हच्या बैठकांमधील अरुंद जागी बारीक चीर पडते.

त्याची लक्षणे घरच्या माणसालाही ओळखता येतात. कुठेही गळती नसताना पाणी कमी होत राहते. गरम इंजिनातूनही पांढरा धूर निघत राहतो. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येतात. मात्र यातील एकाच खुणेवरून हेड उतरवण्याचा निर्णय घेऊ नये. थंडीत केवळ बाष्प जमल्यानेही झाकणाखाली साय दिसते. आधी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. रेडिएटरच्या तोंडाशी निळे द्रावण धरून करायची एक सोपी तपासणीही आहे. ज्वलनवायू पाण्यात शिरत असेल, तर निळा रंग पिवळट होतो.

घाटात अशी वेळ आलीच, तर गाडी तत्काळ बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि निवांत थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, दाबाखालील पाणी अंगावर उसळते. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नये.

दोन अंदाजपत्रके

गाडी ओढून सांगलीला आणली. आमची मुलगी सोलापूरला असते. तिला सातवा महिना होता आणि पंधरवड्यात तिला बाळंतपणासाठी घरी आणायचे होते. म्हणून मला घाई होती.

पहिल्या गॅरेजमध्ये सांगितले, ‘‘चार दिवसांत देतो. हेड काढतो, पॉलिशपेपर मारून साफ करतो, नवे गॅस्केट टाकतो. चेन फक्त नवी टाकू, बाकी सगळे चांगले असते.’’ आकडाही परवडणारा होता. मी जवळजवळ होकार दिला.

घरी येऊन सहज माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याचे स्वतःचे गॅरेज आहे. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘सर, पाणी कशाने संपलं?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. तो म्हणाला, ‘‘मग हेड नवं बसवून उपयोग काय? आठ दिवसांनी तेही तापेल.’’ त्याने सांगितलेला खर्च पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होता आणि मुदत पंधरा दिवसांची. तो पुढे म्हणाला, ‘‘ताईंना आणायला दुसरी गाडी बघा. ह्या गाडीची तारीख मला देऊ नका. तारखेवर काम केलं की कुठेतरी हात आखडतो.’’

सौ.ने माझ्याआधी निर्णय घेतला. ‘‘मुलीला आणायला भाड्याची गाडी करू. ही गाडी तो म्हणतो तशी होऊ दे.’’

मूळ कारण दोन दिवसांत सापडले. रेडिएटरचा पंखा चालवणारी मोटर अडकत होती आणि रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी अर्ध्याअधिक बुजल्या होत्या. दोन वर्षे मी कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरत होतो. क्षारयुक्त पाणी कडक थर धरवते, शिवाय गंज आणि झीज रोखणारी द्रव्ये त्यात नसतात. चांगले कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे योग्य मिश्रण वापरावे, हेही मी शिकवलेलेच होते.

हेड उतरल्यावर त्याने ते मशीन शॉपमध्ये पाठवले. प्रथम सरळपट्टी आणि फीलर गेज घेऊन लांबी, रुंदी व दोन्ही कर्ण अशा दिशांनी सपाटी तपासतात. अनेक इंजिनांत ०.०५ मि.मी.च्या आसपासच वाक चालतो, नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेली असते. माझे हेड त्याहून जास्त वाकले होते. मशीनवर फेसिंग करून ते सपाट करता आले असते. पण त्याआधी दाबाची चाचणी झाली. पाण्याचे मार्ग बंद करून, हेड गरम पाण्यात बुडवून आत हवा भरली, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हबैठकीपाशी बुडबुड्यांची बारीक माळ दिसू लागली. चीर होती. पॉलिशपेपर मारून हे हेड बसवले असते, तर ती चीर तशीच आत राहिली असती.

आता तीन मार्ग होते. चीर वेल्डिंगने भरणे, जुन्या बाजारातून वापरलेले हेड आणणे किंवा नवे घेणे. वेल्डिंग करणारे कुशल कारागीर आहेत, पण व्हॉल्व्हबैठकीजवळची चीर टिकाऊपणे भरणे कठीण. वापरलेले हेड घ्यायचे तर त्याचीही सपाटी व दाबचाचणी करूनच घ्यावे लागते. शिवाय फेसिंगला मर्यादा असते. हेडची उंची घटली की दाबाचे गुणोत्तर वाढते, दोन शाफ्टमधील अंतर कमी होते व कॅमचा मेळ किंचित मागे सरकतो. कित्येक डिझेल हेडना तर फेसिंग करण्यास उत्पादकच मनाई करतात. आम्ही नवे हेड घेतले. नवे हेडदेखील त्याने आल्याबरोबर सरळपट्टी लावून तपासले, हे मला आवडले.

हेड बसवताना

या कामातील चुका बहुधा जोर कमी पडल्याने होत नाहीत, स्वच्छता व क्रम न पाळल्याने होतात.

हेड नेहमी थंड इंजिनावरून उतरवायचे. बोल्ट सैल करताना बाहेरच्या कडेकडून मध्याकडे यायचे, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा फिरवत. एकच बोल्ट पूर्ण सोडला, तर उरलेल्यांच्या ताणाने चांगले हेडही वाकू शकते.

ब्लॉकचा पृष्ठभाग साफ करताना फिरत्या यंत्रावरची घासणी चकती वापरू नये. ॲल्युमिनियम तर ती खरवडतेच, शिवाय तिचे बारीक कण तेलाच्या वाटेने बेअरिंगमध्ये जातात आणि काही दिवसांत नीट असलेले इंजिनही खराब करतात. प्लॅस्टिकची खरवडणी, योग्य द्रावक आणि सबुरी, एवढे पुरते. आज प्रचलित असलेल्या अनेक पदरी पोलादी गॅस्केटला अतिशय गुळगुळीत आणि कोरडा पृष्ठभाग लागतो. उत्पादकाने स्पष्ट सांगितल्याखेरीज त्यावर कोणतेही सिलंट लावू नये. डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो हे मोजून त्यानुसार जाडीचे गॅस्केट निवडतात. जुने होते तेवढ्याच जाडीचे आणले म्हणजे झाले, असे तिथे चालत नाही.

बोल्टची भोके पूर्ण कोरडी करणे ही लहानशी दिसणारी, पण मोठी गोष्ट. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी साचलेले असेल, तर बोल्ट आवळताना ते द्रव दबू शकत नाही. बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, हेड मात्र दाबले गेलेले नसते. प्रसंगी ब्लॉकलाच तडा जातो. माझ्या विद्यार्थ्याने दहाही भोकांत कापडाच्या वाती फिरवल्या, हवेने साफ केली आणि आटे तपासले.

बोल्ट नवे. अनेक आधुनिक इंजिनांत हे बोल्ट आवळताना जाणूनबुजून ताणले जातात आणि त्या ताणातूनच एकसारखी पकड मिळते. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही. जुने बोल्ट वापरून वाचवलेले पैसे हे सर्वांत महाग पैसे ठरतात.

आवळण्याचा क्रम उतरवण्याच्या उलट, मध्यापासून सुरू करून कडेकडे. तोही टप्प्याटप्प्यांनी. उदाहरणार्थ, एखाद्या इंजिनात आधी टॉर्क पान्याने सर्व बोल्ट ४० न्यूटन-मीटरपर्यंत, नंतर प्रत्येकी ९० अंश आणि पुन्हा ९० अंश, असा क्रम असतो. आकडे प्रत्येक इंजिनाचे वेगळे, ते पुस्तिकेतूनच घ्यावेत. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर तो रंगाचा ठिपका लावत होता, म्हणजे कोणता किती फिरला हे दिसत राहते. ‘‘हाताला कळतं असं म्हणणारे पुष्कळ आहेत, सर,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या हाताला कळत नाही. म्हणून पाना घेतला.’’

मेळ जुळवणे

चेनचा संच संपूर्ण बदलायचा. चेन, तिच्या दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिकचे गाइड, टेन्शनर आणि स्प्रॉकेट. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली, तर जुने दाते नव्या कड्यांना आपल्यासारखे करून टाकतात. जुन्या गाइडचा तुकडा मोडून तेलाच्या टाकीत पडला असेल, तर तोही शोधून काढावा लागतो, नाहीतर तो तेलपंपाची जाळी अडवतो. पुढचे ऑइल सील व कव्हरचे सिलंटही याच वेळी नवे.

हेड ठेवण्यापूर्वी त्याने क्रँकशाफ्ट थोडा उलट फिरवून चारही पिस्टन मधल्या उंचीवर आणले. कॅमशाफ्ट बसवताना काही व्हॉल्व्ह उघडलेले राहतात. पिस्टन माथ्यावर असता तर ते त्याला टेकले असते. हेड व कॅमशाफ्ट बसल्यावर पहिल्या सिलिंडरचा पिस्टन त्याने अलगद वरच्या टोकाला आणला. कॅमशाफ्ट त्यांच्या कुलुपपट्टीने अडकवले. काही इंजिनांत स्प्रॉकेट खाचेच्या चावीने पक्के नसते, केवळ मधल्या बोल्टच्या पकडीवर धरलेले असते. तिथे अशा कुलपांवाचून मेळ साधणे अशक्यच.

नव्या चेनमध्ये काही कड्या वेगळ्या रंगाच्या असतात. त्या स्प्रॉकेटवरील ठिपक्यांसमोर आणायच्या. टेन्शनर दाबून त्यात पिन घातलेली असते. चेन बसली की पिन ओढायची व ढिलाई निघून जाते. पिन ओढण्याआधी त्याने मला वरच्या खुणा पाहायला सांगितल्या. मी वाकून पाहिले आणि म्हणालो, ‘‘जुळल्या.’’

मग त्याने कुलुपपट्टी काढली, लांब पाना घेतला आणि क्रँकशाफ्ट हाताने सरळ दिशेने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवला. दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा, म्हणजे एक चक्र पुरे होते. या वेळी कुठे अडले, तर जोर न लावता थांबायचे असते. स्टार्टरने फिरवणारा माणूस हे अडणे कधीच ऐकत नाही आणि तिथेच व्हॉल्व्ह वाकतात. आमचे अडले नाही. दोन फेऱ्यांनंतर रंगीत कड्या मात्र ठिपक्यांसमोर नव्हत्या. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. वरच्या उदाहरणातली १२० कड्यांची चेन आणि २० दात्यांचे क्रँक स्प्रॉकेट घेतले, तर कड्या पुन्हा जुळायला क्रँकचे सहा फेरे लागतात. पाहायचे असते ते स्प्रॉकेटचे ठिपके आणि इंजिनावरील कायमच्या खुणा.

तो खाली बसला, डोळा अगदी त्या खुणांच्या पातळीत आणला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘सर, एक्झॉस्ट कॅम एक दाता मागं आहे.’’

मला पटेना. मीही तसाच बसलो. समोरून पाहिल्यावर फरक स्वच्छ दिसला. मी खुणा वरून तिरक्या नजरेने पाहिल्या होत्या. तिरके पाहिल्यावर रेघ सरकल्यासारखी भासते, हे पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत मीच मुलांना शिकवत आलो होतो.

रात्रीचे आठ वाजले होते. त्याच्या हाताखालच्या मुलाने हळूच विचारले, ‘‘अण्णा, एवढ्या फरकानं चालंल की?’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘चालंल. ॲव्हरेज पडेल, ओढ कमी होईल, दिवा लागेल आणि ते विचारत येतील.’’ मग टेन्शनर पुन्हा दाबला, पिन घातली, चेन उतरवली. सगळे पहिल्यापासून. त्या वेळी खुणा त्याने एकट्याने पाहिल्या, नंतर मुलाला पाहायला लावल्या आणि शेवटी मला. पुन्हा दोन फेरे. तिघांचे एकमत झाल्यावरच पुढचे कव्हर बसले. दहा वाजून गेले होते.

पहिल्यांदा सुरू करताना

दुसऱ्या दिवशी नवे तेल आणि फिल्टर, नवे कूलंट, नवा थर्मोस्टॅट, दुरुस्त पंखा व बदललेला रेडिएटर. इंधनपुरवठा तोडून आधी इंजिन नुसते फिरवले, म्हणजे तेल कॅमपर्यंत आणि टेन्शनरपर्यंत पोहोचते. तेलाचा दिवा विझल्यावर मग खरी सुरुवात. गाडीतील हीटर चालू ठेवून पाण्यातील हवा बाहेर काढली आणि रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत कोणी तेथून हलले नाही. थंड झाल्यावर पाण्याची पातळी पुन्हा पाहिली. जुन्या तेलात पाणी मिसळलेले असल्याने पहिल्या काही शे किलोमीटरनंतर तेल व फिल्टर पुन्हा बदलायचे ठरले. हा खर्च उधळपट्टी नाही, बेअरिंग त्यावर अवलंबून असतात.

मुलगी तोवर भाड्याच्या गाडीने घरी आली होती. तिला दवाखान्यात नेण्याची वेळ आली ती पहाटे तीनला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. पुढच्या बाजूचा तो जुना खडखडाट नव्हता. मी काट्याकडे मात्र वाटभर पाहत होतो. तो मध्यावर स्थिर होता.

मालकाने काय विचारावे

आपल्यावर अशी वेळ आली, तर गॅरेजमध्ये भांडण न करता एवढे प्रश्न विचारावेत. बिघाडाचे मूळ कारण कोणते सापडले? हेडची सपाटी आणि दाबचाचणी झाली का, आणि कोठे? बोल्ट नवे आहेत का? चेनबरोबर गाइड, टेन्शनर व स्प्रॉकेट बदलणार का? बोल्ट आवळण्याचे आकडे कोणत्या पुस्तिकेतून घेणार? कव्हर लावण्यापूर्वी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा तपासल्या का? काढलेले जुने भाग परत मागावेत. चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो एकेक गोष्ट दाखवू लागतो.

आणि आपल्या हाती असलेले काम साधे आहे. वेळेवर तेलबदल करा, शुद्ध कूलंट वापरा, महिन्यातून एकदा थंड इंजिनाची पाण्याची पातळी पाहा, सकाळचा खडखडाट ऐकू आला तर त्याच आठवड्यात दाखवा. घाटात शेजारचे माणूस ‘थांबू या’ म्हणाले, तर थांबा.

त्या विद्यार्थ्याचे पैसे देताना मी म्हणालो, ‘‘अरे, तुला शिकवल्याचे आज समाधान वाटले.’’ तो हसून म्हणाला, ‘‘सर, तुम्हीच एकदा माझं जर्नल परत दिलं होतं. आकृतीत कॅमचा ठिपका चुकला होता.’’ मला ते आठवत नव्हते. त्याला मात्र आठवत होते.